बीबीसी मायक्रो मॉडेल बी : डेडस्टॉकमधून ट्यूबपर्यंत

१० नोव्हेंबर २०२४

यंत्र : बीबीसी मायक्रो, मॉडेल बी, ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश संगणक. बनवणारी कंपनी केंब्रिजची एकॉर्न. बोर्डावर 'इश्यू ४' छापलंय. बऱ्याच चिपांवरचे तारखेचे आकडे ८३४० च्या आसपास, म्हणजे १९८३ सालचा चाळिसावा आठवडा.

पुण्याच्या जुन्या बाजारात दोन मेलेल्या प्रिंटरांखाली सापडलं. भंगारवाला "साहेब, कॉम्प्युटर आहे तो, किलोवर नाही देत" म्हणून अडीच हजारांवर अडला होता, अठराशेला सुटलं. पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने डेडस्टॉक नंबर आणि सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेची आद्याक्षरं. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू केला, त्यात बीबीसी मायक्रो वाटले होते. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये 'एससीएल युनिकॉर्न' या नावाने त्यांची जुळणीही झाली. युनिकॉर्न दिसलं की आपल्याकडचे संग्राहक वेडे होतात. माझं साधं, विलायतेत बनलेलं आहे.

चालू केलेलं नाही. ज्याला हे यंत्र मिळेल त्याने पहिल्या दिवशी प्लग लावायचाच नाही, कारण पुढच्या नोंदीत.

झाकणाचे चार स्क्रू, दोन मागे आणि दोन पोटाखाली, आणि त्यांच्याशेजारी केसवरच 'फिक्स' असं लिहिलेलं. उघडायचं कुठून हे कंपनीनेच सांगून ठेवलंय. आत झुरळांची अंडी, खडूची भुकटी आणि एक यू-पिन. यू-पिन रॅमच्या रांगेवर आडवी पडली होती.

१३ नोव्हेंबर

पॉवर सप्लाय. डावीकडचा पत्र्याचा डबा, पोटाखालचे तीन स्क्रू काढले की सुटतो. बोर्डाकडे सात तारा जातात : तीन लाल, तीन काळ्या, एक जांभळी. लाल म्हणजे अधिक ५ व्होल्ट, जांभळी उणे ५. काढण्याआधी फोटो काढा.

आतले रिफा कंपनीचे दोन कंडेन्सर, सी-१ आणि सी-२, पिवळसर पारदर्शक आणि अंगभर तडे. आत कागद असतो, तड्यांतून दमट हवा शिरते आणि चाळीस वर्षांनी वीज दिली की फाटतात. आग सहसा लागत नाही, पण जो धूर आणि वास सुटतो तो पडद्यांतून जायला आठवडा घेतो. हे दोघे थेट मेन्सवर, म्हणजे भिंतीतल्या विजेवर असतात, म्हणून बदली माल 'एक्स-टू' दर्जाचाच हवा.

तपकीर गल्लीत दुकानदार काकांनी ४०० व्होल्टचा साधा पॉलिस्टर कंडेन्सर पुढे केला. "व्होल्टेज जास्तच आहे की, काय फरक पडतो?" फरक असा की एक्स-टू मेन्सवरचे झटके सोसण्यासाठी बनवलेला असतो आणि बिघडला तर पेट न घेता बिघडतो. तिसऱ्या दुकानात मिळाले : ०.०१ आणि ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसी. सोबत सी-९ चा २२० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक. तो सुकला की सप्लाय सुरूच होत नाही, म्हणून तोही बदलायचा. तिन्ही मिळून दीडशेच्या आत.

मोठा कंडेन्सर वीज धरून बसतो. हात घालण्याआधी रेझिस्टरमधून रिकामा करा.

१६ नोव्हेंबर

असा सप्लाय रिकामा चालवून मोजमाप घेण्यात अर्थ नाही, त्याला भार लागतो. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब लाल-काळ्या तारांवर लावला. मेन्सच्या बाजूला सवयीप्रमाणे शंभर वॉटचा सिरीज बल्ब, आत शॉर्ट असला तर तो पेटून राहतो आणि वीज अडवतो. सिरीज बल्ब क्षणभर चमकला आणि विझला, इंडिकेटर मंद पेटला. मीटरवर ५.०४. उणे पाचही जागेवर. तासभर ठेवलं, ढळलं नाही.

१७ नोव्हेंबर

बोर्डाला जोडून चालू केलं. निरोगी बीबीसी मायक्रो सुरू होताना दोन सूर काढतो, आधी खालचा 'बूऽ', लगेच वरचा 'बीप'. माझ्या यंत्राने एकच सूर धरला आणि सोडला नाही. टीव्हीवर काळोख.

हा अखंड सूर घाबरवतो, पण माहिती भरपूर देतो. आवाजाची चिप, एसएन ७६४८९, वीज मिळताच आपली आपण वाजू लागते आणि तिला गप्प करणं प्रोसेसरचं काम असतं. सूर थांबत नाही याचा अर्थ 'गप्प बस' हा निरोप पोचलेला नाही. म्हणजे एक तर ६५०२ प्रोसेसरच उभा राहिला नाही, किंवा तो ज्या चिपमार्फत निरोप धाडतो ती आयसी ३, सिस्टिम व्हीआयए, मेली आहे.

लॉजिक प्रोब (पायावरचा सिग्नल दाखवणारी पेनसारखी सुई) घेऊन ६५०२ च्या पायांवर : ४० वर रिसेट वर गेलेला, ठीक. ३७ वर घड्याळ, ठीक. ७ हा सिंकचा पाय, तिथे हालचाल असली तर प्रोसेसर सूचना उचलतोय असं समजायचं. तिथे हालचाल होती. म्हणजे प्रोसेसर चालतोय, पण कुठेतरी भरकटलाय.

२४ नोव्हेंबर

सुरू होण्यासाठी जे लागत नाही ते सगळं सॉकेटातून उपटलं. ॲनलॉग इनपुटची चिप, डिस्क चालवणारी ८२७१, युजर पोर्टचा व्हीआयए (आयसी ६९). ८२७१ काढली म्हणून डिस्कचा रॉमही (डिस्कची आज्ञावली असलेली चिप) काढला, नाहीतर तो नसलेल्या चिपची वाट बघत यंत्राला लटकवू शकतो. राहिलेल्या चिपांचे पाय आयसोप्रोपिलने पुसले, सॉकेटं घासली. फरक शून्य.

मग या यंत्राची सोय वापरली. आयसी ३ आणि आयसी ६९ दोन्ही एकाच जातीच्या, ६५२२. पहिल्याशिवाय यंत्र हलत नाही, दुसरी नसली तरी सुरू होतं. ६९ मधली काढून ३ मध्ये बसवली.

बूऽ-बीप.

त्या दोन सुरांवर घरातली दोन माणसं खोलीत डोकावून गेली. टीव्हीवर, मागच्या बीएनसी सॉकेटातून कृष्णधवल, अक्षरं आली. फक्त सगळी लहान लिपीत! जिथे कॅपिटलमध्ये 'बीबीसी' यायला हवं तिथे स्मॉल लेटर्स, 'बेसिक' हा शब्दही स्मॉल, '३२के' मधला 'के'सुद्धा. आकडे मात्र बरोबर, '>' हे चिन्हही बरोबर. कीबोर्डवर कॅप्सचा दिवा लागलेला, मी कॅपिटल दाबतोय, उमटतंय स्मॉल.

१ डिसेंबर

(हा संगणक बाजारात आला तो १ डिसेंबर १९८१ ला. योगायोग.)

लहान अक्षरांवर बराच वेळ चुकीच्या दिशेने गेला. टेलिटेक्स्टची चिप एसएए ५०५० अक्षरांचे आकार काढते, म्हणून संशय तिच्यावर आला. ओळखीच्या एकाकडून चालती आणून लावली, तसंच. उत्तर अक्षरांच्या क्रमांकांतच होतं. कॅपिटल 'बी'चा क्रमांक ६६, स्मॉलचा ९८. फरक ३२. प्रत्येक इंग्रजी अक्षरात हाच फरक, आणि ३२ म्हणजे बाइटमधला पाचवा बिट (मोजणी शून्यापासून). आकड्यांत आणि '>' मध्ये तो बिट मुळातच १ असतो, म्हणून ते बिघडले नाहीत. म्हणजे स्क्रीनची मेमरी जिथे आहे तिथला पाचवा बिट कायमचा १ वर अडकलाय.

मॉडेल बी मध्ये रॅमच्या सोळा चिपा. प्रत्येक चिप १६,३८४ पत्त्यांचा फक्त एकेक बिट सांभाळते, आठ मिळून एक बँक. मोड ७, म्हणजे सुरू होताना दिसणारा अक्षरांचा पडदा, त्याची मेमरी वरच्या बँकेत असते. बिघाड तिथे, आणि एकाच चिपमध्ये.

खात्री करायला बेसिकमधून (यंत्रातच असलेली प्रोग्रॅमिंगची भाषा) थेट मेमरीत लिहून बघितलं, पण उत्तरं वेडीवाकडी यायला लागली. कारण हिशेब करताना बेसिक स्वतःचा पसारा वरच्या बँकेतच मांडतं, म्हणजे मोजपट्टीच वाकडी. आधी हायमेम=१६३८४ करून, म्हणजे बेसिकच्या जागेची वरची हद्द खाली ओढून, तो पसारा खाली आणला, मग ?२०४८०=० (त्या पत्त्यावर शून्य ठेव) लिहिलं आणि तोच पत्ता छापला. आलं ३२. २५५ लिहून वाचलं तर २५५. पाचवा बिट, पक्कं. सर्किटच्या आकृतीत बघून आयसी ५३ ते ६० मधली नेमकी चिप काढली आणि तिच्यावर स्केचपेनने ठिपका दिला. यू-पिन पडली होती त्याच बाजूची निघाली. पिनमुळेच गेली असं म्हणत नाही, पण वर्गात यू-पिना वाटणाऱ्यांनी विचार करावा.

४ डिसेंबर

रॅमची चिप हवी ४८१६. बाजारात ४११६ पुढे करतात, "सेम आहे, सोळा के" म्हणून. सेम नाही. ४११६ ला १२, ५ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात, ४८१६ एकट्या ५ वर चालते. पायांची संख्या सारखी असल्याने बसते छान आणि चालत नाही, किंवा जळते. पुण्यात ४८१६ मिळाली नाही, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारून पाहिलं, तिथेही नाही.

रेडिंगला राहणारा भाचा नाताळात येणार आहे. त्याच्या पत्त्यावर चार चिपा मागवल्या. टपालाने थेट मागवल्या असत्या तर चिपांपेक्षा टपालखर्च जास्त झाला असता.

जुनी ६५२२ सुद्धा आता कमी पडतेय, तिची नवी जात अजून बनते. डब्ल्यूडीसीची घेताना शेवटच्या अक्षराकडे लक्ष द्या : 'एन' घ्या, 'एस' नको. बीबीसी मध्ये अनेक चिपांची इंटरप्टची, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची तार एकच असते आणि 'एस'चं आउटपुट त्या तारेवर दुसऱ्या चिपांशी भांडतं. रिकाम्या आयसी ६९ साठी एक 'एन' घेतली, सुमारे नऊशेला.

२२ डिसेंबर

चिपा आल्या. जुनी काढण्याची पद्धत : चिप वाचवायची नाही, बोर्ड वाचवायचा. आधी पक्कडीने पाय कापून टाकायचे, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने ओढायचा, शेवटी भोकं सोल्डर-सकरने साफ. अर्थिंगच्या पायाला भरपूर तांबं जोडलेलं असल्याने तो लवकर तापत नाही. तिथे घाई झाली आणि भोकाभोवतीची वरच्या बाजूची तांब्याची कडी निघून आली, तेवढा भाग बारीक तारेने जोडून घेतला. आयसी बेस लावला, चिप बसवली.

कॅपिटल अक्षरं आली.

२८ डिसेंबर

कीबोर्ड. निम्म्या कळा मुक्या होत्या. प्रत्येकीच्या बाजूने थेंबभर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि शंभरेक वेळा दाबणं. कंटाळवाणं, पण दोन सोडून सगळ्या जिवंत झाल्या. त्या दोघींचे स्विच ज्यांची गरज क्वचितच पडते अशा कळांशी बदलले.

लाल फंक्शन-कळांच्या वर पारदर्शक पट्टी असते, तिच्याखाली कागद सरकवायची सोय. कागद होता. बॉलपेनने, बाईंच्या किंवा सरांच्या अक्षरात : '१ यादी, २ चालवा, ३ जुने परत'. म्हणजे स्टार-की आज्ञेने लिस्ट, रन आणि ओल्ड एकेका कळेवर बांधलेले. ब्रेक दाबला की बेसिकमधला प्रोग्रॅम गेल्यासारखा दिसतो आणि 'ओल्ड' लिहिलं की परत येतो. ब्रेकची कळ इतर कळांशेजारीच असल्याने वर्गात तिसरी कळ सर्वांत झिजली असणार. झिजलीच आहे.

केस पिवळी पडली आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवली तर उजळते. ठेवणार नाही, ऑइलपेंटचा नंबर जाईल.

५ जानेवारी २०२५

रंगीत चित्र. बीएनसी मधून मुळात कृष्णधवलच येतं. माझ्या बोर्डावर एस-३९ ही जोडणी आहे, ती सोल्डरने बंद केली की तिथूनच 'पाल' या टीव्हीच्या पद्धतीचा रंग मिळतो. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर ठीक दिसतं, पण ८० अक्षरांच्या मोडमध्ये रंगांची झालर येते. आरजीबी सॉकेटातून चित्र फार स्वच्छ, मात्र आपल्याकडच्या टीव्हींना त्यासाठीचं स्कार्ट सॉकेट नसायचं. शेवटी रास्पबेरी पाय झीरो हा एका छोट्या बोर्डावरचा संगणक वापरून आरजीबीचं एचडीएमआय करणारं छोटं कार्ड लावलं. या कामातला सर्वांत महाग भाग, पायसकट साडेतीन हजारांच्या घरात.

१२ जानेवारी

साठवण. सर्वांत स्वस्त मार्ग कॅसेटचा : मोबाइलच्या हेडफोन सॉकेटातून सात पायांच्या डिन सॉकेटात तार, आणि प्रोग्रॅमची ध्वनिफीत वाजवायची. वेग १२०० बॉड, म्हणजे सेकंदाला १२०० बिट, मोठ्या खेळाला चार-पाच मिनिटं. मोबाइलचा इक्वलायझर बंद ठेवा, आवाज तीन-चतुर्थांश.

रोजच्या वापराला युजर पोर्टवर एसडी कार्ड आणि त्यासाठीचा एमएमएफएस रॉम. इथेच कळतं की लोक या यंत्राच्या मागे का लागतात. बोर्डावर बेसिकच्या शेजारी रॉमची तीन रिकामी सॉकेटं. त्यात चिप खोचली की यंत्राला नवी आज्ञावली मिळते. इन्स्टॉल नाही, लोड नाही. 'स्टार-हेल्प' लिहिलं की आत कोण कोण बसलंय त्याची यादी येते. वर्ड प्रोसेसर हवा, खोचा. कार्ड वाचायचंय, खोचा. १९८१ मध्ये कुणाला एसडी कार्ड माहीत नव्हतं, तरी त्याच्यासाठी जागा ठेवलेली होती.

रॉम भरताना एक दुपार गेली. माझ्याकडच्या जुन्या २७१२८ चिपांना २१ व्होल्टवर भरावं लागतं, टीएल८६६-टू प्लस प्रोग्रॅमर तेवढा चढत नाही. २७सी१२८ घ्या, १२.५ वर भरते.

सॉकेटांचा क्रम मानाचा आहे : आयसी १०१ सर्वांत वर, मग १००, ८८ आणि ५२. बेसिकपेक्षा वरच्या जागी वर्ड प्रोसेसरचा रॉम बसवला तर सुरू होताच तोच उघडतो. आणि डिस्करॉम आला की प्रोग्रॅमची सुरुवात ३,५८४ वरून ६,४०० वर सरकते, २,८१६ बाइट गेले. कॅसेटसाठी लिहिलेले काही खेळ त्यामुळे मावत नाहीत. एकूण ३२ केबी वाल्यासाठी हा आकडा लहान नाही.

१८ जानेवारी

मुंबईचे एक संग्राहक यंत्र बघायला आले. पोटाखालचे पोर्ट बघून खूश झाले, सोल्डर केलेला आयसी बेस बघून नाराज.

"अहो, ओरिजिनल रॅम काढलीत तुम्ही. आता याला भाव नाही यायचा."

"चालत नव्हतं ना."

"चालायला कशाला हवंय? काचेत ठेवायचंय."

त्यांचा हिशेब चुकीचा नाही. न उघडलेला, सील शाबूत, डबा आणि पुस्तिकेसकट नमुना दुर्मीळ असतो आणि दुर्मीळाला किंमत येते. पण बीबीसी मायक्रोच्या बाबतीत मला ते पटत नाही. ज्याच्या केसवर उघडायचे स्क्रू दाखवून ठेवलेत, ज्याचं सर्किट छापील मिळायचं, ज्याच्या पोटाखाली प्रिंटर, युजर पोर्ट, एक मेगाहर्ट्झ बस, डिस्क आणि ट्यूब अशा उघड्या दारांची रांग आहे, त्याला काचेत ठेवलं तर उरतं काय? पिवळं प्लॅस्टिक. त्याच काळातले बंद डब्यातले घरगुती संगणक काचेत शोभतात, कारण त्यांच्यात दुसरं काही करता येत नाही.

एक पथ्य मात्र मी पाळतो. जे काढलं ते पाकिटात तारखेसह ठेवायचं आणि केसला नवं भोक पाडायचं नाही. एसडी कार्डची तार युजर पोर्टातूनच बाहेर येते.

जाताना त्यांनी ८२७१ चिपसाठी वेगळी किंमत विचारली. ती चिप आता कुठे सहज मिळत नाही, यंत्राला दिले त्याहून जास्त द्यायला तयार होते. दिली नाही.

१ फेब्रुवारी

ट्यूब. पोटाखालचा ४० पायांचा पोर्ट, दुसरा प्रोसेसर लावण्यासाठी. मूळ यंत्रातला ६५०२ मग फक्त कीबोर्ड, पडदा आणि डिस्क बघतो आणि हिशेब बाहेरचा करतो. एकॉर्नने ६५०२, झेड८० असे डबे विकले. स्वतःचा नवा एआरएम प्रोसेसर बनवताना एकॉर्नच्या सोफी विल्सननी त्याच्या सूचनांची नक्कल आधी बीबीसी बेसिकमध्ये चालवून पाहिली. २६ एप्रिल १९८५ ला पहिली एआरएम चिप चालली, आणि ती बाहेरच्या लोकांना दिली गेली तीही ट्यूबवर लावायच्या डब्यात. आज खिशातल्या मोबाइलमध्ये तेच घराणं आहे.

मूळ डबे परवडत नाहीत. त्याऐवजी पायट्यूबडायरेक्ट : रास्पबेरी पाय झीरो, मध्ये व्होल्टेज उतरवणारं कार्ड, कारण रास्पबेरी पायला ३.३ व्होल्टच्या वर चालत नाही आणि ट्यूबवर ५ असतात. कार्डाशिवाय थेट जोडू नका. वीज ट्यूबमधूनच मिळते.

लावलं, ब्रेक दाबला, काही नाही. कार्ड तपासलं, रास्पबेरी पाय बदलला, पोर्टच्या पिना घासल्या. संध्याकाळ गेली. कारण वेगळंच निघालं. मॉडेल बी च्या मूळ रॉममध्ये ट्यूबशी बोलणारा भाग नसतो, तो डीएनएफएस या डिस्क-नेटवर्कच्या रॉममध्ये असतो, आणि तो मी नोव्हेंबरात काढून पाकिटात ठेवला होता. माझ्या एमएमएफएसच्या प्रतीत तो भाग नव्हता. ८२७१ आणि डीएनएफएस दोन्ही जागेवर बसवले, पडद्यावर 'एकॉर्न ट्यूब ६५०२ ६४के' आलं.

आता आकडे. डिस्करॉमसह मोड ० मध्ये, म्हणजे ८० अक्षरं आणि बारीक चित्रं, बेसिकला उरतात ५,८८८ बाइट. ट्यूबवर तोच मोड ठेवून ३०,७२०, कारण पडद्याची २० केबी दुसऱ्या घरातून जाते. रास्पबेरी पायवरचा नकली ६५०२ शेकडो मेगाहर्ट्झवर पळतो, मूळ होता २ वर. मँडेलब्रॉटचं, म्हणजे ठिपक्यागणिक खूप हिशेब लागणारं चित्र आधी चहा करून पिईपर्यंत यायचं, आता रेघा मोजता येत नाहीत. प्रोसेसर बदलायला 'स्टार-एफएक्स १५१,२३०' आणि पुढे क्रमांक, मग ब्रेक.

९ फेब्रुवारी

हिशेब. यंत्र अठराशे, कंडेन्सर दीडशे, ६५२२ नऊशे, रॅम भाच्याने पैसे घेतले नाहीत (बाजारभावाने दोन हजार धरा), चित्राचं कार्ड साडेतीन हजार, एसडी आणि रॉम सातशे, ट्यूबचं कार्ड आणि पाय अडीच हजार. साडेअकरा हजार, हत्यारं सोडून. नुसतं चालू करण्यापुरता खर्च पाच हजारांच्या आत आहे.

राहिलेलं : इकोनेटची सॉकेटं रिकामी आहेत. शाळेतली यंत्रं एकमेकांना जोडायची ती व्यवस्था, पण दुसरं यंत्र मिळाल्याशिवाय तिच्यात पैसे घालण्यात अर्थ नाही. चित्र तयार करणारी चिप, व्हिडिओ यूएलए, फार तापते, तिच्यावरची पत्र्याची पट्टी सैल झाली होती, नवी पेस्ट लावून बसवली. तरी उन्हाळ्यात झाकण उघडं ठेवूनच चालवेन. जुन्या बाजारवाल्याला सांगून ठेवलंय, त्याच शाळेचा आणखी माल आला तर आधी मला कळव, आणि डिस्क ड्राइव्ह असला तर तांब्यासाठी फोडू नकोस.